उलट्या पखाचा कोंबडा

माझ्या सासूला माणसांपेक्षा कोंबडी जास्त कळतात, असं वाडीतले लोक कौतुकाने म्हणायचे. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही, पण म्हणणं खोटंही नव्हतं. कोंबडी नुसती हातात उचलून ती किती दिवसांत अंड्यावर येईल हे म्हातारी सांगायची. सून घरात येऊन तीन महिने झाले तरी तिला दोन भाकऱ्या लागतात की तीन, हे मात्र तिला कळलं नव्हतं.

मी सावंतवाडीची. वडील शाळामास्तर, घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता त्या काळात मी सातवी पास झाले आणि पुढच्याच वर्षी कसालच्या बाजारापासून दोन कोस आत, डोंगराच्या पायथ्याच्या या वाडीत लग्न होऊन आले. नवरा रेडीला बोटींवर खनिज चढवणाऱ्या मजुरांचा मुकादम. पंधरवड्याने यायचा, न्हाणीत अंगावरची लाल माती सोडायचा, दोन दिवस झोपायचा आणि जायचा. उरलेल्या दिवसांत घरात आम्ही दोघी आणि कोंबडी. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर बायकांसमोर सासू म्हणाली, "ही शाळा शिकलली. हिका कोंबी खंयची नि कावळो खंयचो ता कळता काय, इचारा." बायका हसल्या. मी नवी होते, म्हणून मीही हसले.

आता त्या कोंबड्यांविषयी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांची पिसं अंगालगत मागे जाण्याऐवजी उलटी, डोक्याच्या दिशेने वळलेली असत. वारा नसला तरी कोंबडा पाठीमागून वारा सुटल्यासारखा दिसायचा. आमच्याकडे त्यांना उलट्या पखाची म्हणतात. खाण्यासाठी ती कोणी पाळत नाही. अंगावर मांस बेताचं, अंडी बारीक. ती लागतात देवाला. वाडीच्या शिवेवर सातविणीखाली एक दगड आहे, तो गावचा राखणदार. कुणाचं दुखणं हटेना किंवा कुणाच्या गोठ्यात गुरं मरू लागली की गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारा घाडी त्याला कौल लावी. राखणदाराला बहुतेक वेळा साधा कोंबडा पुरायचा. पण कौलात उलट्या पखाचा आला, की दुसरं काही चालत नसे.

आणि पंचक्रोशीत हे वाण फक्त आमच्या घरी. सासूने ते मालवणच्या किनाऱ्यावरच्या आपल्या माहेराहून लग्नात बांबूच्या डाल्याखाली झाकून आणलेलं. माहेरी ते पुढे संपलं, पण वाडीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते विकायचं नाही असा दंडक होता. ज्याला हवा त्याने नारळ आणि पायलीभर उकडे तांदूळ आणून ठेवायचे आणि कोंबडा न्यायचा. नवरा मेल्यापासून माझी सासू लोकांच्या भातलावणीला जात होती, खोतांच्या परसात मिरच्या खुडत होती. पण कौल लागला की तीच मोठी घरं आमच्या पडवीत येऊन उभी राहत, आणि सासू पाटावरून उठत नसे. "बगतंय, आसा काय ता," असं म्हणून ती त्यांना मुद्दाम थांबवून ठेवायची. कोंबडा खुराड्यात आरवत असायचा, सगळ्यांना ऐकू यायचा, तरी कुणी बोलायचं नाही. तिच्या आयुष्यात तिला माणसांनी उभं राहून मान दिला तो एवढाच.

हे वाण राखायचा एक नियम होता. उलट्याला सुलटी. कोंबडा उलट्या पखाचा असेल तर त्याच्याखाली कोंबडी साधी, सरळ पिसांची हवी. मग पिल्लं अर्धी उलटी निघतात, अर्धी साधी. दोन्ही उलटी ठेवली तर काही पिल्लं जवळजवळ उघडी निघतात. का, ते तिला ठाऊक नव्हतं आणि मला अजून ठाऊक नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासू चार दिवस माहेरी गेली आणि मी शहाणपणा केला. उलटी हवीत ना, मग दोन्ही उलटीच ठेवू, म्हणजे सगळी उलटी निघतील, असं माझं सातवी पास गणित. एकवीस दिवसांनी अंडी फुटली. सुरुवातीला सगळी पिल्लं सारखीच दिसत होती, पण पिसं फुटायच्या वयात तीन पिल्लांच्या अंगावर नुसती काटक्यांसारखी खुंटं आली, तीही मोडत होती. खाली लाल कातडी. पाऊस तोंडावर आलेला. सासूने तिन्ही पिल्लं उचलून माझ्या ओच्यात टाकली. "तू केलंस, आता तूच बघ." मी त्यांना चुलीजवळ टोपलीत ठेवलं, अंगावर चिंध्या घातल्या. आषाढ संपेपर्यंत तिन्ही मेली. शेवटचं मेलं त्या दिवशी सासूने मला वाढताना विचारलं, "मेला मां तां? बरा झाला. आता जेव."

त्यानंतर माझी चूक झाली नाही. मी सगळं शिकले. उलट्या पखाची कोंबडी पावसात भिजली की पाणी थेट कातडीला लागतं, म्हणून पावसाळ्यात त्यांच्या अंड्यांवर खुडूक बसवायची नाही. त्यांना नीट उडता येत नाही, झाडावर चढून बसता येत नाही, म्हणून मुंगसाला ती आधी सापडतात. मी पहाटे खुराडं उघडायची आणि संध्याकाळी मोजून बंद करायची. या सगळ्यात मला मुलगी झाली.

ती चालायला लागल्यापासून कोंबड्यांच्या मागे असायची. त्यातला एक कोंबडा, तांबडा, काळ्या शेपटीचा, तिचा खास. ती हिरवी काचेची बांगडी घातलेला हात पुढे करायची आणि तो धावत येऊन बांगडीवर चोच मारायचा. दिवसातून वीस वेळा हा खेळ. तीन बांगड्या त्याने फोडल्या. सासू चिडायची ती बांगड्यांसाठी नव्हे, कोंबड्याच्या चोचीला लागेल म्हणून.

गोवा सुटायच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडी आली. त्याच्या थोडं आधी ग्रामसेवक सरकारी पांढरे कोंबडे वाटून गेला होता. रोग त्यांनीच आणला असं सासू मरेपर्यंत म्हणत होती. मला माहीत नाही. कोंबडी सकाळी मान वाकडी करून गोल फिरायची आणि दुपारी आडवी व्हायची. आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. उरली सहा. तीन साध्या कोंबड्या, तो तांबडा उलट्या पखाचा कोंबडा आणि त्याच्याच बरोबर अंड्यातून निघालेले दोन साधे भाऊ. रंग तोच, शेपटी तीच, फक्त पिसं सरळ. उलट्या पखाचा आता पंचक्रोशीत एकटा तोच. सासू त्या दिवसांत माणसांशी बोलत नव्हती. पाऊस संपेपर्यंत तो जगला पाहिजे, मग खुडूक बसवता येईल, एवढंच तिचं चाललं होतं.

श्रावणात दगडी गडग्यापलीकडच्या विधवा शेजारणीचा मुलगा आजारी पडला. एकुलता एक, आठ वर्षांचा. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. मालवणच्या डॉक्टरचं औषध चालू होतंच, पण तिने घाड्याकडून कौल लावला आणि कौलात उलट्या पखाचा आला. ती नारळ आणि तांदूळ घेऊन पडवीत उभी राहिली. आमच्याकडे तो आहे हे तिला रोज गडग्यावरून दिसत होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. कौलात मागितलेला कोंबडा घरात असून दिला नाही, तर पुढच्या सगळ्या मरणांचं खापर आमच्यावर. सासूने या वेळी तिला थांबवून ठेवलं नाही. "सांजेक ये," म्हणाली.

शेजारीण गेल्यावर सासूने मला न्हाणीच्या चुलीपाशी बोलावलं. हातात मोडक्या छत्रीची एक काडी होती आणि पायांत करकचून दाबून धरलेला साधा कोंबडा, त्या दोघा भावांतला एक. त्याच्या चोचीला तिने सुंभ गुंडाळलेला. मला म्हणाली, "पाय घट धर. हलान देव नको."

काडी तापली की ती पिसाच्या बुडाशी लावायची, पीस तिच्यावर डोक्याच्या बाजूला गुंडाळायचं आणि तीनपर्यंत मोजायचं. सोडलं की पीस उलटं वळलेलं राहायचं. मग पुढचं पीस. मानेपासून सुरुवात करून पाठ, छाती, पंख. काडी कातडीला लागायची तिथे बारीक फोड यायचा. कोंबड्याला ओरडता येत नव्हतं. तो फक्त माझ्या हातात धडधडत होता आणि डोळ्यांवरचा पडदा वरखाली करत होता. सगळ्या परसात जळक्या पिसांचा वास भरला. मी विचारलं, "देवाला कळलं तर?"

"देवाक कळतला तर देव माका इचारतलो. तुका नाय."

शेवटी तिने त्याला खोबरेल तेल चोळलं. कापण्याआधी घाडी कोंबड्यावर पाणी शिंपडतो आणि कोंबड्याने अंग झाडलं की देवाने घेतला असं मानतात. काडीने वळवलेलं पीस भिजलं की परत सरळ होतं, म्हणून तेल. तेलामुळे वासही झाकला. देवाधर्माचं मला फारसं पटत नव्हतं असं आज मी सांगू शकते. त्या दुपारी मात्र मी मनातल्या मनात राखणदाराची क्षमा मागत होते. एका आजारी मुलाच्या नावाने आम्ही देवाला फसवत होतो आणि मी पाय धरले होते. मी सोडले असते तर कोंबडा पळाला असता. मी सोडले नाहीत.

सांजेला शेजारीण तो वळवलेला कोंबडा घेऊन गेली, आणि पाणी पडताच त्याने अंग झाडलं. खरा कोंबडा तोवर माळ्यावर डाल्याखाली होता, वर तीन गोणपाटं. अंधारात कोंबडा आरवत नाही. तिसऱ्या दिवशी सासू त्याला कापडी पिशवीत घालून एस.टी.ने माहेरी घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी परत आणून खळ्यात सोडला. "माहेरसून दुसरो हाडलंय," असं तिने सगळ्यांना सांगितलं. शेजारीण तिथेच होती. तिचा मुलगा उठून हिंडू लागला होता. ती सासूच्या पायांवर डोकं ठेवून रडत होती. "तुमच्या कोंब्यान माझो झील वाचवल्यान."

तेवढ्यात माझ्या मुलीने हात पुढे केला आणि कोंबडा धावत येऊन बांगडीवर चोच मारू लागला. मुलगी टाळ्या पिटून म्हणाली, "आजये, हो आमचोच!"

सासूने तिला थोबाडीत मारली. साडेचार वर्षांची मुलगी धडपडून बसली. "सगळे कोंबे तुझेच काय गो?" सासू म्हणाली आणि हसली. शेजारीणही हसली. मी मुलीला उचलून आत नेलं आणि गालाला तेल लावलं. 

कार्तिकात सासूने साध्या कोंबडीखाली अकरा अंडी मांडली. त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. कसालचा डॉक्टर सायकलवर आला, मुदतीचा ताप म्हणाला, गुलाबी औषध दिलं. ताप चढत गेला. रेडीला निरोप गेला, नवरा आला. बाराव्या दिवशी तिने पाणीही घेतलं नाही. घाड्याने कौल लावला आणि आमच्या पडवीत येऊन, जरा ओशाळूनच, सांगितलं, "उलट्या पखाचोच व्हयो म्हणता."

सासूने क्षणभरही विचार केला नाही. "देतलंय. माझी नात ती."

मी तिच्या पाया पडले. आयुष्यात तिच्या पाया मनापासून पडले ती तेवढी एकदाच. एवढं मोठं मन तिचं असेल असं मला वाटलं नव्हतं. खुडूक बसून आठच दिवस झाले होते, अंड्यांतून काय निघेल याचा भरवसा नव्हता, आणि तरी ती आपलं शेवटचं वाण माझ्या मुलीसाठी देत होती. त्या दुपारी मी तिला मनातल्या मनात सगळं माफ केलं, उघडी पिल्लंसुद्धा. ती परसात गेली आणि बऱ्याच वेळाने कोंबडा घेऊन आली.

माजघरात मुलीच्या उशाशी शेजारीण बसली होती. तीन दिवस ती घरी गेली नव्हती. कपाळावरच्या घड्या बदलत होती. आपला मुलगा ज्या घराने वाचवला त्या घरची मुलगी, असं तिचं मन. दारात घाडी आणि नवरा उभे. सासूने कोंबडा मुलीवरून उतरवायला सुरुवात केली. पहिल्या फेऱ्याला मुलीने डोळे उघडले. दुसऱ्या फेऱ्याला तिने बांगडीचा हात कसाबसा पुढे केला. कोंबडा जवळून गेला. त्याने बांगडीकडे पाहिलंही नाही.

"आई," ती म्हणाली, "हो तो न्हय."

त्याच वेळी मला खोबरेल तेलाखालून जळक्या पिसांचा वास आला.

"तापात बडबडता चेडू," सासू म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. मी काय करीन हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं, कोंबडीचं कळायचं तसं.

मला एवढंच म्हणायचं होतं, की हा खोटा आहे, माळ्यावरचा खरा आणा. पण उशाशी शेजारीण होती. हा खोटा म्हटला की तिचाही खोटा होता हे उघड झालं असतं, आणि त्याचे पाय कोणी धरले हेही. घाडी ऐकत होता. सगळी वाडी आमच्या दारात थुंकली असती. मुलगी परत म्हणाली, "आई, तो न्हय गो." शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं.

मी म्हटलं, "हो, तापात बडबडतेय."

मुलीने हात खाली घेतला. नंतर ती माझ्याशी बोलली नाही. तापामुळे असेल. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

खऱ्या कोंबड्याने तिला वाचवलं असतं असं मी म्हणत नाही. शेजारणीच्या मुलाला खोट्याने वाचवलं नव्हतं, तसंच. पण माझी सासू मानत होती. देवाला तो कोंबडा लागतो, त्याने माणूस जगतं, हे तिच्या हाडात होतं. मानत असताना तिने तो दिला नाही. आणि मी, न मानणारी, लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसले. कोण जास्त वाईट हे मी पुष्कळ वर्षं ठरवत होते. दर वेळी मी स्वतःच्या बाजूने निकाल द्यायची.

मुलगी गेल्यावर तिसऱ्या दिवशी नवरा रेडीला परत गेला आणि मी माळ्यावर चढले. डाल्याखाली तो होता. पुढ्यात नव्या भाताचे दाणे आणि करवंटीत स्वच्छ पाणी. मी डालं उचललं तसा तो माझ्या हाताकडे आला आणि माझ्या बांगडीवर चोच मारू लागला. मी त्याची मान धरली. पिरगळायला एक क्षण पुरला असता. मग वाटलं, हा मेला तर मुलगी कशासाठी गेली त्याला काहीच उरणार नाही. मी त्याला काखेत घेऊन खाली आले आणि सासूसमोर ठेवला.

ती भात निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तिच्या पोराक चललो," ती म्हणाली, "तुझ्या चेडवाक कित्याक चलाचो नाय?"

  त्या पोराच्या वेळी पाय माझ्याच हातांत होते.

मुलगी जाऊन नऊ दिवस झाले त्या दिवशी अंडी फुटली. अकरातली नऊ निघाली. महिन्याभराने पिसं फुटली तेव्हा सासूने मला हाक मारून परसात नेलं. तिचा चेहरा उजळला होता. "बघ गो, चार उलटे." मी हिशेब केला. खरा कोंबडा दिला असता तरी वाण राहिलंच असतं. मी तसं तिला बोलून दाखवलं. ती पिल्लांना कण्या टाकत म्हणाली, "तेवा माका काय ठावक?"

त्या दिवसापासून कोंबड्यांचं सगळं मी माझ्या हातात घेतलं. लोकांना वाटलं, बिचारी मुलीचं दुःख कोंबड्यांत विसरते. मी काही विसरत नव्हते. मुंगसाची बिळं मी बुजवली, खुराड्याला खाली चिऱ्यांचा ओटा केला, मानमोडीची लस टोचणारा कसालला आला की चालत जाऊन त्याला घेऊन आले. पावसाळ्यात प्रत्येक उलट्या पखाच्या पिल्लाला रोज राखेत लोळवलं. दर वर्षी ती वाढत गेली. सासूला मनापासून आनंद व्हायचा. मला दोन मुलगे झाले त्याचा तिला एवढा झाला नव्हता. मी ती का वाढवत होते हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. पण खुराड्यात एक नवा उलटा दिसला की मला बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं चांगलं नव्हतं.

पाकिस्तानशी लढाई झाली त्या वर्षी दिवाळीनंतर सासूने अंथरूण धरलं. पाय सुजले, मग पोट. डोकं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ. डॉक्टरने हात झटकले तेव्हा तिने स्वतःच घाड्याला बोलावणं धाडलं. कौलात काय येणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. तेच आलं. तिने मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरला, जो तिने कधी धरला नव्हता. "तांबडो दी गो माका," म्हणाली. "तेचो नातू. तो बरो आसा."

"देते," मी म्हटलं.

खुराड्यात त्या दिवशी उलट्या पखाचे खरे चार कोंबडे होते. एक दिला असता तर माझं काही बिघडणार नव्हतं. मी एक साधा तांबडा पकडला. छत्रीची काडी न्हाणीच्या वाशात होती तिथेच होती. न्हाणी आणि माजघर यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. पाय धरायला मी कुणाला बोलावलं नाही, गुडघ्याखाली दाबले. आणि चोच बांधली नाही. कोंबडा पहिल्या पिसापासून ओरडू लागला. जळक्या पिसांचा वास कुडातून पलीकडे जात होता. मी एकेक पीस करत होते, तीनपर्यंत मोजून, मुळीच घाई न करता. मला दया आली का, असं कुणी विचारलं तर कोंबड्याची आली, एवढंच सांगेन. पलीकडून एकदा खोकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

तेल मी लावलं नाही.

सांजेला घाडी परत येऊन माजघराच्या दाराशी उभा राहिला, उशाशी तीच शेजारीण येऊन बसली. तिचा मुलगा आता कसालच्या शाळेत जात होता. मी कोंबडा सासूवरून उतरवला. तिसऱ्या फेऱ्याला तिने हात वर केला आणि पाठीवरचं एक पीस चिमटीत धरलं. ते मोडून तिच्या बोटांत आलं. तिने ते नाकाशी नेलं नाही. तशी गरज नव्हती.

"हो तो न्हय," ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती. या वेळी तिच्या डोळ्यांत भीती होती. ती ओरडून सांगू शकली असती. पण उशाशी शेजारीण होती, आणि तो खोटा म्हटला की सगळेच खोटे निघाले असते. पंचक्रोशी जिच्यासमोर उभी राहायची ती बाई मरताना चोर ठरली असती. हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे मला दिसत होतं.

"काय म्हणतत गो?" शेजारणीने विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं, "तापात बडबडतत."

सासूने तोंड भिंतीकडे केलं. शेजारणीने तिच्या कपाळावर हात ठेवला, गळ्याला लावून पाहिला. "आंग तर थंड आसा गो," ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि कोंबडा घाड्याच्या हातात दिला.